सतरा तिकिटं, अठरा माणसं

कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायच्या आत बातमी चार बिल्डिंगा फिरून येते. त्या मंगळवारी साडेदहाला बायजाबाईला फोन आला, आणि अकराला खालच्या मजल्यावरची जिजाबाई धापा टाकत दारात हजर.

"काहून वं बायजा, अमेरिकेले चालली म्हणे तू?"

"त्या अमेरिकेले नाई. खालच्या अमेरिकेले. पेरू नावाचा देश हाये. आन् पेरूवर गंमत करू नको, माह्या पोराची, नागसेनची, फोनवरच करून झाली."

जिजाबाईनं उघडलेलं तोंड तसंच मिटलं आणि ती चहा प्यायला बसली.

फोन मुकुंदराव साहेबांचा होता. साहेब म्हणजे उत्खनन खात्यातले मोठे अधिकारी. आता निवृत्त, धरमपेठेत बंगला. त्यांच्या हाताखाली बायजाबाईनं एकतीस वर्षं माती उपसली होती. साहेबांनी आपल्या जुन्या सोबत्यांची सहल ठरवली होती. एकोणीस दिवस, दक्षिण अमेरिकेतली जुनी शहरं, देवळं, पडक्या भिंती. सतरा माणसं जमली होती. "बायजा, पासपोर्ट आहे ना तुझा?" साहेबांनी विचारलं. विहारातल्या बायांसोबत ती श्रीलंकेला जाऊन आली होती, तेव्हाचा होता. "मग झालं तर! तूही चल. तुझ्या तिकिटाचं आम्ही सगळे मिळून बघतो. तू फक्त बॅग भर."

फुकट ते पौष्टिक, असं आपल्याकडे म्हणतातच. पण ही त्रेसष्ट वर्षांची बाई फोन ठेवून पलंगावर बसली आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. ती फुकट तिकिटासाठी रडली असं कोणाला वाटत असेल, तर त्यानं आधी पुढचं ऐकावं.

बायजाबाई खोब्रागडे मूळची उमरेडकडची. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तिच्या गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडावर खोदकाम सुरू झालं. गावचे लोक त्या टेकाडाची पांढरी माती घराच्या भिंती पोतायला न्यायचे. साहेबलोक म्हणाले, या मातीखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे. बायजाबाई तिथं रोजीनं घमेली वाहायला लागली. मग खापरं धुवायला बसली. मग एक दिवस खड्ड्याच्या कडेनं जाता जाता म्हणाली, "साहेब, इथं माती बदलली," आणि खरंच तिथं एका जळालेल्या घराची जमीन निघाली. तेव्हापासून तिच्या हातात थापी आणि ब्रश आला आणि टेकाडामागून टेकाड ती खात्यासोबत फिरली. एक थर कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, ते तिला बोटांना कळायचं. पदवी घेतलेली पोरं चष्मे पुसत बसायची, तोवर ही सांगून मोकळी व्हायची.

त्या कामात फोटोचा एक रिवाज होता. खड्डा खणून झाला की भिंती खरवडायच्या, तळ ब्रशनं झाडून लख्ख करायचा. मग आतला शेवटचा माणूस उलट्या पावली बाहेर निघायचा, आपलीच पावलं झाडत झाडत. मापासाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी आत राहायची. माणूस नाही. वरून गिरिधर फोटोग्राफर ओरडायचा, "फोटो! बाहेर व्हा!" तो शेवटचा माणूस कायम बायजाबाईच असायची, कारण तिच्याइतकं साफ कोणी निघत नसे. साहेबांच्या जाड पुस्तकात तिनं झाडलेल्या खड्ड्यांचे शंभरावर फोटो आहेत, आणि एकाही फोटोत तिचं पाऊलसुद्धा नाही. तिला याचं वाईट वाटायचं का? अजिबात नाही. उलट तोरा होता तिला त्याचा.

असंच एकदा दुपारच्या सुटीत साहेबांच्या तंबूत परदेशी पुस्तक उघडं पडलं होतं. पानावर एका भिंतीचा फोटो. बैलाएवढे दगड, एकासारखा दुसरा नाही, आणि तरी एकमेकांत असे बसलेले की जणू तिथंच वाढले. एका दगडाला तर बारा कोपरे. बायजाबाईनं बोटानं मोजले.

"चुना नाई, साहेब?"

"चुना नाही, माती नाही. सांध्यात सुईसुद्धा जात नाही. पेरूमधलं कुस्को शहर आहे हे."

"हे पाह्याचं हाये मले," बायजाबाई म्हणाली.

साहेब हसले. तंबूतले सगळेच हसले. हसोत बापडे! त्या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. मधे नवरा गेला, पोरगा वीज केंद्रात लागला, नातवंडं झाली, पण ती भिंत काही बाईच्या डोक्यातून हलली नाही. आणि आता साहेब स्वतः म्हणत होते, बॅग भर.

बॅगेआधी बायजाबाईनं वही काढली, साहेबांचा कागद येण्याआधी आपणच क्रम मांडायला. सोबतीला सून. नंदिनी कॉलनीतल्या शाळेत भूगोल शिकवते. गेली पंधरा वर्षं ती अँडीज पर्वत भिंतीवरच्या नकाशात छडीनं दाखवते आहे, त्यामुळे सासूपेक्षा तिलाच जास्त चेव चढला होता. शाळेतून आली की दोघी जेवणाच्या टेबलावर फोन आणि नकाशाचं पुस्तक मांडून बसायच्या.

बायजाबाईनं वहीत खड्ड्याची उभी भिंत काढली, थरावर थर. सगळ्यात वर कुस्को आणि माचूपिचू, पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं. त्याखाली बोलिव्हियातलं तिवानाकु, दीड हजाराच्या आसपास. त्याखाली नाझ्काच्या वाळवंटात ओढलेल्या मैलभर लांब रेघा, दोन हजार. आणि तळाशी काराल, समुद्राजवळच्या खोऱ्यातलं, पाच हजार वर्षांचं.

"वरून खाली जायाचं," तिनं सांगून टाकलं. "पह्यले माचूपिचू, आखरी काराल. आपण खोदतो तसं."

नंदिनीनं कपाळाला हात लावला. "आई, कुस्को अकरा हजार फुटांवर हाये. तिथं हवा पातळ रायते. एकदम उतरलं तं डोकं धरून बसान तुम्ही. आधी समुद्राकाठचं पाह्याचं, मंग हळूहळू चढाचं."

"वरचा थर सोडून तळाशी उडी? असं खोदकाम कोनाच्या बापानं पाह्यलं?"

दोन दिवस सासूबाई वहीला शिवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मेथी निवडताना एकदम ओरडल्या, "अवं, भरतो तवा!"

"काय भरतो?"

"खड्डा! मोसम संपला का खड्डा पुन्हा मातीनं भरून टाकतो आमी, पावसानं भिंती पडू नये म्हणून. खोदाचं वरून खाली, पन भराचं खालून वर! ते बायांचंच काम होतं. आपण खोदाले कुठं चाललो? आपण भराले चाललो!"

तिनं वही उलटी धरली. काराल, नाझ्का, मग तिवानाकु, मग कुस्को, शेवटी माचूपिचू. नंदिनीनं नकाशावर बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उजळला. आधी समुद्रकाठ, मग मधलं अरेकिपा, मग उंचावरचं मोठं तळं, त्याच्या पलीकडे तिवानाकु. तिथवर रस्तासुद्धा तसाच हळूहळू चढत जात होता, आणि पुढं कुस्कोला तर थोडा उतारच. सासूचा थर आणि सुनेची उंची एकाच रेघेत आले. त्या दिवशी मेथी करपली आणि कोणी काही म्हटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी साहेबांनी सहलीचा कागद फोनवर पाठवला. नंदिनी मोठ्यानं वाचायला लागली. विमान, अठरा नावं. हॉटेल, अठरा नावं. बायजाबाईचं नाव शेवटचं, पण होतं. मग आली प्रवेशाची तिकिटं. माचूपिचूचं तिकीट पासपोर्ट पाहून, ज्याच्या त्याच्या नावानं आधीच काढावं लागतं, आयत्या वेळी दारात उभं राहून मिळेल याचा भरवसा नाही. नंदिनी मधेच थांबली.

"वाच न वं."

"आई, इथं सतराच हायेत." तिनं कागद खाली सरकवला. "तिवानाकुलेबी सतरा. सगळीकडंच सतरा."

"चुकून राह्यलं असंल," म्हणून बायजाबाईनं साहेबांना फोन लावला.

"चुकलं नाही गं," साहेब म्हणाले. "आमच्या हिचे, मायाचे, गुडघे तुला माहीत आहेत. ती काही वर चढायची नाही. तिच्याजवळ हॉटेलात आपलं माणूस नको का? तुझ्याइतकं विश्वासाचं दुसरं कोण आहे मला?"

"म्हंजे मॅडमचंबी तिकीट नाई?"

"तिचं काढून ठेवलंय. त्या दिवशी तिला वाटलंच तर. आणि बायजा, तुला काय त्याचं नवल! जन्मभर दगडमातीच तर बघितलीस."

हे साहेब मायेनं बोलले, तेच वाईट. शिवी दिली असती तर शिवी परत देता आली असती. बायजाबाई "हाव साहेब" म्हणाली आणि फोन ठेवला. एकतीस वर्षांची जिभेची सवय, दुसरं काय!

नागसेन पहिल्या पाळीहून आला तेव्हा माय भिंतीकडे पाहत बसलेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. पोरगा वाईट नाही, पण हिशेबी.

"माय, जाऊन ये न मुकाट्यानं. कोन नेते आपल्याले तिथं? हॉटेलच्या खिडकीतून डोंगर तं दिसन."

"खिडकीतून?" बायजाबाई उठून उभी राहिली. "माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, आन् घरी येऊन एकच गोष्ट सांगतली, आता कोनाच्या दारी बाहेर उभं राह्याचं नाई. आन् मी समुद्र ओलांडून जाऊ, दाराबाहेर बसाले? अठ्ठावीस वर्षं ते भिंत माह्या डोळ्यापुढं हाये, नागसेन! मी त्या दगडापाशी जाईन, त्याचा सांधा माह्या डोळ्यानं पाहीन. नाई तं नागपुरातच मरीन. पन लोकाईच्या चपला राखत बसणार नाई!"

"मंग जाशीन कशानं?"

"स्लॅबचे पैसे हायेत न."

नागसेनच्या तोंडचं पाणी पळालं. उमरेड रोडवरच्या प्लॉटवर घराच्या भिंती उभ्या होत्या. निवृत्तीचे पैसे मायनं छतासाठी ठेवले होते, आणि ते तिचेच होते. "माय, छत!"

"छत पुढच्या सालीबी टाकता येते. माहे गुडघे पुढच्या साली चढतीन का नाई, कोनाले मालूम? आधी भिंत, मंग छत. मिस्त्रीबी हेच म्हणते."

"एकटी जाशीन तू?"

"एकटी काहून?" नंदिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मी चालली न त्याईच्यासंगं. पंधरा वर्षं छडीनं दाखवून राहिली, आता पायानं पाहते. पासपोर्टचा फॉर्मबी भरला."

नागसेननं एकदा मायकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग हात धुऊन तो निमूटपणे जेवायला बसला. दोन बायांपुढे वीज केंद्राचं काय चालणार?

रविवारी साहेबांच्या बंगल्यावर सगळ्यांची बैठक होती. बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. माळ्यानं नुकतंच पाणी घातलं होतं, वाफे ओले होते. सतराही जण जमलेले, सगळे ओळखीचे. कोणाचे नकाशे बायजाबाईनं धरले होते, कोणाची खापरं धुतली होती. सासू-सुना फाटकातून आत आल्या.

"आलीस? बरं झालं," साहेब म्हणाले. "जरा पोह्यांच्या प्लेटा फिरव बघू."

ट्रे तिच्या हातात आलासुद्धा. बायजाबाईनं त्यातली एक प्लेट नंदिनीला दिली, एक स्वतः घेतली, ट्रे टेबलावर ठेवला आणि रिकाम्या खुर्चीवर बसली. पोह्यांवरची तर्री झणझणीत होती. तिनं सावकाश, शेवटच्या दाण्यापर्यंत पोहे खाल्ले. बाकीच्यांनी उठून आपापल्या प्लेटा घेतल्या.

मग ती म्हणाली, "साहेब, माहं नाव कागदावरून काढा. मी तुमच्यासंगं येत नाई."

"का गं? काय झालं?"

"तुमी मले हॉटेलात बसाले नेऊन राहिले. मले भिंत पाह्याची हाये."

साहेबांचा चेहरा कसनुसा झाला. ते काही बोलायच्या आत त्यांची बायको, मायामॅडम, खुर्चीतून पुढे वाकली. "पण बायजा, मुकुंद तर मला म्हणाला की तुझेच गुडघे गेलेत. तुलाच चढायचं नाहीये, म्हणून तू माझ्याजवळ थांबणार."

"माहे गुडघे?"

बायजाबाई उठली. सगळ्यांसमोर मधोमध उकिडवी बसली, आणि कुठंही हात न टेकवता ताडकन उभी राहिली. परत बसली. परत उठली. "एकतीस वर्षं खड्ड्यात ह्याच गुडघ्याईवर बसली मी. गेले म्हणे! कुठं गेले?"

एकदोघं हसले. मायामॅडम नवऱ्याकडे बघत होत्या. "मी सोबतीला बाई मागितली होती का रे तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं. साहेब चष्मा पुसायला लागले.

"आन् एक," बायजाबाई म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. "तुमच्या कागदात पह्यल्याच दिवशी विमान कुस्कोले जाते. अकरा हजार फूट. मॅडमले घेऊन असं एकदम चढू नका. पह्यले काराल पाहा, नाझ्का पाहा, मंग थांबत थांबत वर जा."

"टूरवाल्यांनी ठरवलंय ते, बायजा," साहेब आता चिडले. "तुला काय कळतं त्यातलं?"

"तेवढंच कळते साहेब, जेवढं मातीतलं कळत होतं."

यावर बागेत कोणी हसलं नाही. मातीतलं तिला किती कळायचं, हे तिथल्या सतराही जणांना माहीत होतं, आणि साहेबांना सगळ्यात जास्त. मायामॅडमनी हात पुढे केला. "दाखव बरं ती वही." नंदिनीनं वही दिली. मॅडमनी चष्मा लावला आणि खालच्या थरापासून वाचायला सुरुवात केली.

साहेब उठले. असल्या वेळी काय करायचं, हे अधिकाऱ्यांना बरोबर माहीत असतं. "चला, चला, फोटो काढून घेऊ! दक्षिण अमेरिकेला जाणाऱ्यांचा. गिरिधर, कॅमेरा आणलायस ना?"

गिरिधर, तोच तो, आता केस पिकलेले, सहलीच्या सतरातलाच एक. त्यानं तिकाटण्यावर कॅमेरा बसवला. माणसं वाफ्यासमोर दोन रांगांत उभी राहायला लागली. बायजाबाई मधोमधच होती, गुडघे दाखवायला आली होती तिथंच. गिरिधरनं कॅमेऱ्याला डोळा लावला आणि जन्माची सवय तोंडातून बाहेर पडली, "फोटो! बाहेर व्हा!"

बायजाबाईचे पाय चालायला लागले. उलटे. तिनं ठरवलं नव्हतं, पायांनीच ठरवलं. एक पाऊल मागे, दोन पावलं, तीन. ओल्या वाफ्याची माती टाचेखाली दबली. उजवा हात खाली गेला, ब्रश धरल्यासारखा, आपलं पाऊल झाडायला. तो हात रिकामा होता. तिनं त्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, आणि मग वाफ्यातल्या आपल्या तीन पावलांकडे.

बाप रे बाप! काय संताप आला बाईला! साहेबांचा नाही, गिरिधरचा नाही. स्वतःच्या पायांचा.

ती वाफ्यातून सरळ पुढे आली. दोन्ही रांगा तिनं मधून बाजूला सारल्या आणि पुढच्या रांगेत, ऐन मधे, साहेबांच्या शेजारी उभी राहिली. पदर सारखा केला. "नंदिनी, इकडं ये वं," तिनं हाक मारली, आणि नंदिनी धावतच तिच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"बायजा," साहेब हळू आवाजात म्हणाले, "हा जाणाऱ्यांचा फोटो आहे."

"हाव साहेब. म्हणूनच उभी हाये."

साहेबांनी गिरिधरकडे पाहिलं. गिरिधरनं साहेबांकडे पाहिलं नाही. तो कॅमेऱ्यातून बराच वेळ बघत राहिला. मग डोकं वर काढून, जुन्या सवयीनं, चूक दाखवावी तसं म्हणाला, "बायजा, मागं पावलं दिसून राहिली तुझी."

"दिसू द्या," बायजाबाई म्हणाली. "काढा फोटो."